एका आढ्याखाली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याला महाडात भाड्याची खोली शोधायची वेळ आलेली नसणार. लग्न करून पाहिलं, ते त्या मानानं सोपं गेलं. घर बांधायचा तर प्रश्नच नव्हता. पण चार भिंती आणि वर कौलं, एवढ्यासाठी आम्ही नवराबायकोनं महाडात जेवढे उंबरे झिजवले, तेवढे देवळांचे झिजवले असते तर एखादा देव नक्की पावला असता.

माझं माहेर पोलादपूरच्या पेठेतलं. वडील एका दुकानदाराकडे माल मोजायला होते आणि त्याच दुकानाच्या मागच्या पडवीत आमचं बिऱ्हाड होतं. म्हणजे भाडेकरूच्या पोटी जन्मले आणि भाडेकरूच्याच गळ्यात पडले. सातवीपर्यंत शिकले होते, त्याची थोडी घमेंडही होती मला. सासर पोलादपूरच्या वर डोंगरात, दोन तास चढ चढावा तेव्हा आमची वाडी लागते. पण नांदले मी महाडात, कारण आमचे हे तिथल्या कोर्टात पट्टेवाले होते. नवे पैसे नुकते चालू झाले होते आणि बाजारात बायका अजून आण्यांतच बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

महाड तालुक्याचं गाव. कोर्ट, कचेरी, शाळा, एस.टी.चा डेपो. बदलीवर आलेला मास्तर, कारकून, कंडक्टर, जो तो खोली शोधत फिरायचा. नव्या खोल्या बांधत कोणी नव्हतं, आणि असलेल्या उघडत नव्हतं. भाडेकरूंच्या बाजूचा कायदा झालेला, त्यामुळे एकदा आत शिरलेला माणूस बाहेर निघत नाही अशी घरवाल्यांची समजूत. त्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. कोणाला आत शिरूच द्यायचं नाही. आमच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यानं गावातल्या निम्म्या रिकाम्या खोल्यांना कुलपं लागली.

आमच्या ह्यांना हे सगळं दुसऱ्या बाजूनंही दिसत होतं. कोर्टातून ताब्याचा हुकूम निघाला की बेलिफाबरोबर जाऊन लोकांचा संसार रस्त्यावर काढून ठेवायचं काम ह्यांच्याकडे यायचं. त्या दिवशी ते जेवत नसत. मी विचारत नसे. एकदाच आपण होऊन म्हणाले, "पाटा लई जड असतो गो. आन बाई बगत ऱ्हाते, आपटतोय का नीट ठेवतोय."

आमची पहिली खोली नदीकडची होती. स्वस्त का मिळाली ते श्रावणात कळलं. सावित्रीचं पाणी गुडघ्यापर्यंत आत आलं आणि जाताना वीतभर चिखल ठेवून गेलं. दुसऱ्या खोलीच्या मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं, तेव्हा आम्हाला आठ दिवस मिळाले. तिसरी मिळाली ती काकूंची, आणि ती मिळवताना आम्ही खोटं बोललो.

काकू विधवा होत्या, साठीच्या, पुढच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांनी ओटीवर उभं करूनच चौकशी केली. पहिला प्रश्न सगळीकडे असतो तोच, तुम्ही कोण. आम्ही मराठे, कोर्टात नोकरी, हे त्यांना चाललं. चालत नाही म्हणून ओटीवरूनच परत गेलेली माणसं मला ठाऊक आहेत, ती आमच्याहून गरजू होती. मग, किती माणसं? दोघंच. सुकट, बोंबील शिजवणार? नाही शिजवणार. (शिजवलं नाही. वर्षभर मी सुकटीच्या वासाची स्वप्नं पाहिली.) आणि शेवटी, "घरात म्हातारं माणूस नाही ना कोणी?"

मी चटकन म्हटलं, "सासूबाई आहेत, पण गावाला. त्या वाडी सोडून कुठं येत नाहीत." अडला हरी, दुसरं काय. सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती आणि म्हातारी डोंगरावर एकटी काढत होती. धाकटे दीर मुंबईला गिरणीत, पाळीपाळीनं झोपायच्या खोलीत राहायचे. आम्ही तिला आज ना उद्या आणणार हे आम्हाला माहीत होतं आणि बहुतेक काकूंनाही माहीत असावं. पण त्यांनाही भाडं हवंच होतं.

खोली मागच्या टोकाला होती. काकूंचं घर लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मग मधे एक कुडाची भिंत आणि पलीकडे आम्ही. भिंत नावाला, कारण ती वर कौलापर्यंत पोचतच नव्हती. काकूंनी रात्री कूस बदलली तरी आम्हाला कळे आणि आमचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी काकू मला समजुतीच्या गोष्टी सांगत. वर पुढपासून मागपर्यंत एकच आढं होतं, सागाचं, काळंभोर. दोन्ही घरांची कौलं त्याच्यावरच पेललेली. पहिले काही महिने मी त्या आढ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही.

म्हातारीला आणली ती पुढच्या वर्षी, भात निसवायच्या सुमाराला. पोटात गोळा आला होता आणि अन्न टिकत नव्हतं. वाडीच्या चार माणसांनी तिला डोलीतून खाली आणली, म्हणजे बांबूला कांबळं बांधून त्यात बसवून. पोलादपूरला एस.टी.त घातली. काकूंनी दारात तिला पाहिलं, मला पाहिलं आणि आत गेल्या. संध्याकाळी मऊ भात आणि वर मेतकूट असं घेऊन आल्या. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी तिला शिव्या देईल. मीही दिल्यात, पण तो माझा हक्क आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन आठवडे औषध दिलं. मग ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या." घरी म्हणजे कुठं, हे डॉक्टरला कोण विचारणार?

लोक म्हणतात, म्हातारं माणूस शेवटी गावाची ओढ घेतं. आमच्या म्हातारीनं नाही घेतली. तिला महाडची ती अंधारी खोली मनापासून आवडली होती. डेपोतून गाडी निघाली की ती आडवी पडल्यापडल्या सांगायची, "ही गेली खेडची." निम्म्या वेळा चुकायची. वाडीचं नाव काढलं की म्हणे, "तितं कोन हाय माझा? सा वर्सां भिताडाशी बोलतेय मी. हितं निदान तू भांडाय तरी हायस." आमचं भांडण खरंच चालायचं. पेज पातळ झाली, उशी उंच झाली, मी आवाज चढवला. तिचे पाय चेपता चेपता मी तिच्याशी भांडायची आणि ती हसायची. माझ्या आईशी माझं इतकं कधी जमलं नाही.

एका सोमवारी सकाळी मी विहिरीवरून आले तर काकू मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "कशा आहेत?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "परवा दुपारपासून पंचक लागतंय गं."

पंचक म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. डोंगरातल्या माणसाला अक्षर येत नसलं तरी पंचक कळतं. चंद्र धनिष्ठेच्या मध्यावर आला की लागतं आणि रेवती संपली की सुटतं. त्या दिवसांत घरात माणूस गेलं तर मागोमाग आणखी पाच जातात अशी समजूत. म्हणून प्रेताबरोबर पाच पुतळे जाळायचे आणि घर सहा महिने सोडायचं. सोडायचं म्हणजे कुलूप लावून निघायचं, ना चूल, ना दिवा. वाडीत असं झालं की माणसं गोठ्यात नाहीतर शेतातल्या मांडवात सहा महिने काढत. भाड्याच्या खोलीत झालं तर काय करायचं, हे कोणत्याच शास्त्रात नव्हतं.

काकूंनी वर बोट दाखवलं. "तुमची खोली आणि माझं घर एका आढ्याखाली. तुमच्याकडे काही झालं तर मलाही निघावं लागेल. मुलगा पुण्याला सासऱ्याच्या दोन खोल्यांत राहतो, तो मला ठेवणार नाही. मी कुठं जाऊ, सांग." त्यांचे डोळे भरले होते. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणि एकदा घर सोडलं की तुम्हाला परत घ्यायचं मला जमायचं नाही. तलाठ्याच्या ओळखीचा एक जण दोनदा विचारून गेलाय खोलीला."

मी आत आले. म्हातारी जागी होती. "काय म्हंत व्हती ती?"

"काय नाय. तुमची तब्येत विचारत होत्या."

"तब्येत नाय, तारीख इचारत आसंल," म्हातारी म्हणाली. मग बोटं मोजून म्हणाली, "परवा लागतंय नाय का?"

आता जे सांगायचंय ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या सोमवारी आणि मंगळवारी भांडी घासताना, तांदूळ निवडताना, तिच्या तोंडात पाणी घालताना मी एकच मागणं मागत होते. हिला ने, देवा. बुधवारच्या दुपारच्या आत ने. ज्या बाईनं मला लेकीसारखं वागवलं, तिच्या उशाशी बसून मी घड्याळाकडे बघत होते. हेही तेच मागत असणार. आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचं टाळत होतो.

बुधवारी दुपारी कोर्टाची घंटा झाली. म्हातारी जिवंत होती. उलट त्या दिवशी तिनं चार घास जास्त खाल्ले. मग मी देवाला उलटं साकडं घातलं, आता पाच दिवस ठेव. देव म्हणजे काय डेपोतला कंट्रोलर, गाडी दोन तास लवकर सोड म्हटलं की सोडली, उशिरा म्हटलं की थांबवली? लाज वाटत होती, पण मागत होते.

पंचक कधी सुटणार ते कसं ठरलं, हेही सांगते. काकूंच्या देवघरात पंचांग होतं. त्यात त्यांनी लागायची वेळ पाहिली आणि तिथून पुढे बोटांवर पाच दिवस मोजले. सोमवारची दुपार. त्यांनी सांगितलं, आम्ही मानलं, म्हातारीनंही तसंच मोजलं. आमच्याकडे सगळे असंच मोजतात. मी सातवी शिकलेली, मराठी अंक आणि अक्षर मला काकूंपेक्षा चांगलं दिसायचं. पण देवघरात जायची आम्हाला मुभा नव्हती आणि मागून बघावं हे डोक्यातही आलं नाही.

रोज सकाळी म्हातारी विचारायची, "आज वार कोनता?" मी सांगितलं की ती बोटं मिटायची. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तिला सगळं कळत होतं. शनिवारी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मी थांबतेय गो. तू काळजी करू नको." मी बाहेर जाऊन रडले. दारात काकू बसल्या होत्या, त्याही रडत होत्या. पण "राहू दे तिला" असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

रविवारी ह्यांनी सगळीकडे जाऊन पाहिलं. दवाखान्यात आधीच नाही म्हटलं होतं, उद्या-परवा जाणाऱ्या माणसाला खाट कशी देणार? धर्मशाळेचा रखवालदार म्हणाला, आजारी माणूस नको. नात्याला ह्यांचा एक लांबचा मावसभाऊ होता, त्याच्याकडे चालत गेले. त्याचा गोठा कापलेल्या भातानं भरलेला होता हे खरं, पण गोठा रिकामा असता तरी पंचकात आपल्या जागेत मरणाला कोण बोलावणार? "पंचक झाल्याव घेऊन ये," तो म्हणाला. सगळ्यांच्या दारात हेच उत्तर होतं. परत आले तेव्हा ह्यांची पावलं धुळीनं भरली होती आणि ते उंबऱ्यावर तसेच बसून राहिले.

सोमवारी उजाडलं तेव्हा म्हातारीला घरघर लागली होती. तो आवाज भिंतीवरून पलीकडे जात होताच. काकू आल्या, त्यांनी हात जोडले आणि ह्यांना म्हणाल्या, "हलवा हो त्यांना. पाया पडते तुमच्या."

"काकू, दुपारी सुटतंय," हे म्हणाले. "सा तासांचा परश्न हाय."

"सहा तासांची खात्री द्याल? ऐका तो आवाज."

मी म्हटलं, निदान अंगणात काढून ठेवू या. काकूंनी मान हलवली. अंगण म्हणजे दोन हात रुंद बोळ, आणि पागोळ्या पडतात तिथपर्यंत घरच धरतात. त्याच्या पलीकडे रस्ता. तिला रस्त्यावर ठेवायची होती का?

तेव्हा खरं तर हट्ट धरायला हवा होता. दार लावून बसायला हवं होतं. कायदा आमच्या बाजूचा होता, म्हातारं माणूस घरात मरतंय म्हणून कोणी भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही. कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण पंचक खरंच लागलेलं आणि काकूंना खरंच जागा नव्हती. शिवाय ही खोली गेली तर चौथी मिळणार नव्हती, खोली नाही म्हणजे नोकरी नाही आणि मग दोघांनीही डोंगरावर जाऊन काय खायचं? ह्यांनी भिंतीकडे पाहत म्हटलं, "गावाला न्हेऊ." आजवर त्यांनी ज्यांना ज्यांना घराबाहेर काढलं, त्यांच्यासाठी निदान हुकमाचा कागद तरी होता.

कशेडीकडे जाणारा एक ट्रक डेपोच्या बाहेर उभा होता. ड्रायव्हरनं मागच्या पोत्यांवर जागा करून दिली, पण आधी खाली उतरून तिच्या नाकाशी हात धरून पाहिला. "जिवंत आहे ना? मेलेलं मी घेत नाही." आहे म्हटल्यावर त्यानं आपली चादर दिली.

तिला वर उचलताना ती शुद्धीवर आली. "कुठं न्हेताव?"

"गावाला, आये," हे म्हणाले.

"सुटलं पंचक?"

ह्यांनी चादर तिच्या पायांवर ओढली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी थांबले अस्ते रे," ती ह्यांना म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला ते झेपलं असतं.

पोलादपूरला ट्रक थांबला तेव्हा माझी आई रस्त्यावर उभी होती. कोणीतरी पुढे निरोप दिला असणार. तिनं तांब्यात पेज आणली होती, चमच्यानं भरवायचा प्रयत्न केला, पदरानं तोंड पुसलं. पाठीमागे पन्नास पावलांवर आमची पडवी दिसत होती. आई सारखी तिकडे बघत होती आणि परत इकडे. घरी चला, असं ती म्हणाली नाही. ती पडवी तिची नव्हती, दुकानदाराची होती आणि ती कोणाच्या आढ्याखाली आहे हे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला. आता येत नाही.

वाडीचे चार जण पायथ्याच्या शेतांतली कापणी टाकून आले, त्यात माझे एक चुलत दीर. डोली बांधली. आमच्याकडे डोली खाली येते. बाळंतीण अडली, साप चावला, ताप डोक्यात गेला की माणूस डोलीतून खाली आणतात, दवाखान्याकडे. वर जाणारी डोली कोणी पाहिलेली नव्हती. वाटेवरच्या शेतात कापणारी माणसं विळे थांबवून बघत होती. भारे घेऊन उतरणाऱ्या एका बाईनं बाजूला होत मला विचारलं, "गो बाय, वर कुठं? दवाखाना खाली हाय नाय का?" मी मान खाली घातली आणि चालत राहिले.

अर्ध्या चढावर डोली टेकायची जागा आहे, सपाट दगडांचा ओटा. तिथं माणसांनी खांदे बदलायला डोली उतरवली. उन्हं चढली होती. मी तिच्या ओठांना पाणी लावलं. तिनं डोळे उघडले, माझा हात चाचपला.

"सुटलं का गो?"

मी सूर्याकडे पाहिलं. दुपार व्हायला अजून अवकाश होता. मी म्हटलं, "नाय अजून, आत्याबाई. थोडं ऱ्हायलंय."

तिनं मान हलवल्यासारखं केलं. दात घट्ट मिटले आणि नाकानं श्वास घेऊ लागली, जड ओझं उचलताना माणूस घेतं तसा. एक, दोन, पाच, दहा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग श्वास थांबला. चुलत दिरांनी खाली वाकून पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढला. ना तिची खोली, ना तिचं घर. ती त्या दगडांवर गेली.

दहनाआधी पोलादपूरहून भटजींना बोलावून आणलं. वाडीच्या म्हाताऱ्यांनी पाच पुतळ्यांसाठी दर्भ जमवून ठेवला होता. भटजी दर्भ बघून म्हणाले, "हे कशाला?"

"पंचक नाय का?" चुलत दीर म्हणाले.

भटजींनी पिशवीतून पंचांग काढलं, पानावर बोट ठेवलं. "पंचक काल संध्याकाळीच सुटलं. पाच पुरे दिवस थोडेच भरतात दर वेळी? चंद्र जलद असला की चार दिवसांत उरकतं." आणि ते पुढच्या तयारीला लागले. त्यांना काय माहीत.

मी त्यांच्याकडून पंचांग मागून घेतलं. बाईनं अशा वेळी मागावं हे त्यांना आवडलं नाही, पण दिलं. रविवारच्या ओळीत रेवती कधी संपते ते छापलेलं होतं. दोन आकडे होते, घटी आणि पळं. एवढं वाचायला सातवी कशाला, दुसरी पुरली असती. सोमवारी उजाडताना काकूंनी हात जोडले, त्याच्या आधी पुरी एक रात्र ती त्या खोलीत सुखानं मरायला मोकळी होती. आणि ती थांबली होती. वाटेवरच्या दगडावरसुद्धा मी तिला थांबवलं होतं.

हे तिथंच खाली बसले आणि दोन्ही हातांनी जमिनीवरचं गवत उपटत राहिले. बराच वेळ.

तेरावा करून आम्ही महाडला उतरलो. येताना एस.टी.त मी ह्यांना म्हटलं, आज मी काकूंना सांगणार. तोंडावर सांगणार, तुम्हाला पंचांगसुद्धा बघता येत नाही आणि तुमच्यापायी आमचं माणूस रानात मेलं. वाटेत मी वाक्यं जुळवली, चांगली धारदार. जिभेला हाड नाही म्हणून माझी ख्यातीच होती. हे खिडकीतून बाहेर बघत होते. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आन मग रातच्याला कुठं झोपायचं?"

काकू दारातच होत्या. खोली सारवून ठेवली होती, कोपऱ्यात पाण्याची घागर भरून ठेवली होती. तलाठ्याच्या ओळखीचा तो माणूस पुन्हा दोनदा येऊन गेला, पण मी नाही म्हटलं, असं त्यांनी आधी सांगितलं. या पंधरा दिवसांत त्या वाळून गेल्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"दुपारच्या आतच गेल्या ना गं?" त्यांनी विचारलं. "पंचकातच गेल्या ना?"

माझी वाक्यं तयार होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत आमच्या खोलीकडे.

"हो काकू," मी म्हटलं. "पंचकातच गेल्या."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं केलंत हलवलंत," म्हणाल्या आणि कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. त्या खोलीत आम्ही अकरा वर्षं राहिलो.